मुलांच्या पुस्तकांतील चित्रे : माधुरी पुरंदरे यांच्या निमित्ताने



वैशाखातल्या नागपुरात, दिवसभर तापलेल्या भिंती अजून निवलेल्या नसताना, कोणी घराबाहेर पडून व्याख्यानाला येतो तेव्हा तो विषयाच्या ओढीने येतो की सभागृहातल्या कूलरच्या ओढीने, हे वक्त्याने विचारू नये. आपण आलात, याचा आम्हांस आनंद आहे. आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमचे एक वडीलधारे स्नेही मुद्दाम घरी आले. या व्याख्यानमालेचे ते जुने श्रोते. म्हणाले, "एक दिवस राज्यघटनेवर, एक दिवस पाण्याच्या प्रश्नावर, आणि मध्येच तुम्ही पोरासोरांच्या पुस्तकांतल्या चित्रांवर काय बोलणार?" आम्ही त्यांना एवढेच विचारले की, अननस तुम्ही पहिल्यांदा कोठे पाहिला? क्षणभर ते विचारात पडले, आणि मग हसून म्हणाले, "अंकलिपीत!"

आपल्यापैकी पुष्कळांचे असेच असेल. आम्ही महालातल्या एका बोळात वाढलो. संत्री आमच्या ओळखीची होती, बोरे-चिंचाही होत्या. पण अननस प्रत्यक्ष हाती आला तो फार पुढे. तरी तो कसा दिसतो, त्याच्या डोक्यावर पानांचा तुरा असतो, अंगावर खवले असतात, हे आम्हांस पाचव्या वर्षी ठाऊक होते. ऐरण, औत, एडका यांचेही तेच. आजच्या शहरातल्या मुलाने लोहाराचा भाता पाहिलेला नसतो, पण ऐरण तो ओळखतो. (आमचा धाकटा भाऊ मात्र 'स' म्हटले की समईवर बोट न ठेवता 'संत्र्याचा' असे ठासून सांगे. नागपूरकरांचा हा हट्ट क्षम्य मानावा.) आता प्रश्न असा की, ती अननसाची आणि एडक्याची चित्रे काढली कोणी? अंकलिपीवर प्रकाशकाचे नाव असे, छापखान्याचे असे, किंमत तर असेच असे. चित्रकाराचे नाव आमच्या हाती आलेल्या एकाही प्रतीवर नव्हते. ज्याने आम्हांस जग पहिल्यांदा दाखविले त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नाही याची चुटपुटही कधी लागली नाही.

थोडे पुढे या. 'चांदोबा' मराठीत १९५२ साली सुरू झाला, तेव्हा या सभागृहातल्या बहुतेकांचे बालपण त्याच्यावर पोसलेले आहे. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि स्मशानातून चाललेला राजा विक्रम, हे चित्र डोळे मिटले तरी दिसते. ते काढणाऱ्या चित्रकाराचे नाव शंकर. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. जन्म १९२४ चा, मृत्यू २०२० चा. पद्मश्री मिळाली ती २०२१ मध्ये, म्हणजे मरणानंतर. वेताळ कोणी काढला हे देशाच्या ध्यानात यावयास इतका काळ लागला.

आता एक कबुली देतो. ती दिल्यावाचून पुढचे बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही या शहरातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथखरेदी समितीवर होतो. वाचनालयाचे नाव सांगत नाही. दोष वाचनालयाचा नव्हता, आमचा होता. बालविभागासाठी पुस्तकांची यादी पुढे आली. त्यात काही पुस्तके अशी होती की, पाने चोवीस, प्रत्येक पानावर दोन-तीन ओळी, बाकी सगळे चित्र. आम्ही हिशेब केला. एवढ्या पैशांत दोनशे पानांचे चरित्र येते! आम्ही लाल शाईने त्या नावांपुढे शेरा मारला, 'मजकूर अल्प', आणि ती नावे खोडली. समितीत कोणी हरकत घेतली नाही. त्या खोडलेल्या नावांत माधुरी पुरंदरे यांची पुस्तके होती. आज ज्या बाईंविषयी आम्ही गौरवाने बोलणार आहोत, त्यांना आमच्या वाचनालयाच्या दारातून परत पाठविणारे आम्हीच.

माधुरीबाईंचा जन्म १९५२ चा, पुण्याचा. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. त्यांचा परिचय महाराष्ट्रात कोणाला करून द्यावयाची गरज नाही. आई निर्मलाबाई यांचे काम मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. त्यांनी १९८१ साली 'वनस्थळी' ही संस्था काढून खेड्यापाड्यांतल्या बायकांना बालवाडी चालविण्याचे शिक्षण दिले. शेतात आणि घरात राबणाऱ्या बाईला मुलांची शिक्षिका करावयाचे, हा तो उपक्रम. विदर्भातल्या माणसाला येथे ताराबाई मोडकांची आठवण होणे साहजिक आहे. अमरावतीच्या वकिलाची ही पत्नी पुढे भावनगर, बोर्डी, कोसबाड अशी मजल दरमजल करीत बालशिक्षणाला गावाच्या अंगणापर्यंत घेऊन गेली. निर्मलाबाई त्याच वाटेवरच्या. वडिलांचे घर किल्ल्यांचे आणि दफ्तरांचे, आईचे घर बालवाड्यांचे. मुलीने यांतले कोणते घेतले, ते पुढे पाहू.

मुलगी गेली मुंबईस, सर ज. जी. कलाशाळेत चित्रकला शिकावयास. तेथून पुढे फ्रान्समध्ये. परत आल्यावर पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये अनेक वर्षे फ्रेंच भाषा शिकविली. त्याबरोबर रंगभूमी होती, गाणे होते. 'शेवंतीचं बन' आणि 'अमृतगाथा' या कार्यक्रमांतला त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांना ही बाई मुलांसाठी चित्रे काढते हे सांगून खरे वाटणार नाही. पिकासोचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले. बेकेटच्या 'गोदो'चे भाषांतर केले. 'हॅनाची सुटकेस' हे नाझी छळात मारल्या गेलेल्या एका मुलीची कहाणी सांगणारे पुस्तक मराठी मुलांपर्यंत आणले. आता, चित्र, भाषा, नाटक, गाणे अशा चार दरडींवर पाय ठेवणाऱ्या माणसाला आपल्याकडे 'एका ठिकाणी स्थिर नाही' असे म्हणण्याची पद्धत आहे. आमचे मत उलट आहे. मुलांचे चित्रपुस्तक ही अशी जागा आहे की, तेथे ही चारही अंगे एकाच वेळी लागतात. चित्र तर हवेच. वाक्य असे हवे की आईने मोठ्याने वाचले तर जिभेला ठेच लागू नये. हा झाला गाण्याचा कान. आणि कोणते पात्र कोठे उभे करावे, कोणी कोणाकडे पाठ करावी, पडदा कोठे पाडावा, हे सगळे नाटकाचे शास्त्र.

या कामाकडे त्यांना वळविले ते मुख्यतः आईच्या वनस्थळीने. संस्थेच्या मुखपत्राचे संपादन त्यांनी केले, बालवाडीच्या बायकांसाठी काम केले. बालवाडीत शिक्षिका तयार झाली, मुले जमली, पण मुलांच्या हातात द्यावयास पुस्तक कोठे आहे? होती ती बहुतेक राजा-राणीची, पऱ्यांची, नाही तर बोधाची. घरातल्या, गल्लीतल्या मुलाची नव्हती. मग 'शाम्याची गंमत' आली, 'राधाचं घर' या मालेतली लहान लहान पुस्तके आली, यशच्या गोष्टी आल्या. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने यांतली पुष्कळशी पुस्तके काढली.

यशच्या पुस्तकांची नुसती नावे पाहा. 'कंटाळा'. 'हात मोडला'. 'मुखवटे'. 'मामाच्या गावाला'. पुढची इतर पुस्तके घ्या : 'मोठी शाळा', 'सख्खे शेजारी', 'काकूचं बाळ'. ज्या घरात 'राजा शिवछत्रपती' लिहिले गेले, ज्या ग्रंथासाठी दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराने घोडे, तलवारी आणि तोरणाचे कडे रंगविले, त्या घरातली मुलगी चित्रे काढते ती हात मोडलेल्या पोराची! आम्हांस यात वडिलांविरुद्धचे बंड वगैरे दिसत नाही. तसे म्हणणे हा उथळपणा होईल. उलट, बाबासाहेबांनी लढाईतला बारीकसारीक तपशील ज्या निष्ठेने धुंडाळला, तीच निष्ठा मुलीने स्वयंपाकघराच्या ओट्याकडे आणि दाराशी पडलेल्या चपलांकडे वळविली, असे आम्ही म्हणू. सहा वर्षांच्या मुलाला मोडलेला हात ही पन्हाळ्याच्या वेढ्याहून लहान घटना नसते. आणि कंटाळा? मोठ्यांना कंटाळा येतो तेव्हा ते व्याख्यानाला येतात. मुलाने काय करावे?

आता चित्रकाराला या पुस्तकात नेमके काय करावे लागते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आमचा लाल शाईचा शेरा या अज्ञानातूनच आला होता. आमची समजूत अशी की लेखक गोष्ट लिहितो, आणि मग चित्रकार तिला सजवितो, जसे लग्नघराला तोरण लावावे. तोरण नसले तरी लग्न लागतेच.

प्रथम पाने. छापखान्यातला मोठा कागद तीन वेळा दुमडला की त्याची सोळा पृष्ठे होतात. म्हणून अशी पुस्तके सोळा, चोवीस, बत्तीस पृष्ठांची असतात. सतरावे पान हवे म्हणून मिळत नाही. या ठरलेल्या पानांत गोष्ट बसवावयाची. समोरासमोरची दोन पाने मिळून एक चित्र काढावयाचे असेल तर मधल्या शिवणीत मुलाचे नाक जाता कामा नये. मग पान उलटण्याची जागा. दारावर थाप पडली, हे उजव्या पानाच्या शेवटी आले तर दार उघडल्यावर कोण दिसते ते पान उलटल्यावरच कळते. ते थाप आणि दार एकाच पानावर आले तर गोष्ट मेली. लेखकाच्या हस्तलिखितात ही गोष्ट कोठेच लिहिलेली नसते. ती चित्रकार ठरवितो.

मग माणसे. पहिल्या पानावरचा मुलगा चोविसाव्या पानावर तोच ओळखू आला पाहिजे, समोरून, पाठीमागून, वाकलेला, झोपलेला, रडून तोंड वाकडे केलेला. मोठ्यांना त्याचा सदरा बदलला तरी कळणार नाही. मुले तेवढे क्षमाशील नसतात. खिडकी जर पहिल्या पानावर पलंगाच्या डाव्या हाताला असेल तर शेवटपर्यंत तेथेच हवी. म्हणजे चित्रकाराला प्रत्यक्ष कागदावर येणाऱ्या घराहून पुष्कळ मोठे घर डोक्यात बांधावे लागते. माधुरीबाईंची चित्रे पाहताना आम्हांस हे घर नेहमी जाणवते. त्यांची रेघ बारीक आणि मोकळी, रंग हलके. माणसे गोंडस केलेली नाहीत. केस विस्कटलेले आहेत, आजी आजीसारखी दिसते, देवी सरस्वतीसारखी नाही. घरात पसारा असतो. आपल्याकडच्या बालपुस्तकांतली घरे इतकी नीटनेटकी की तेथे कोणी राहत असेल असे वाटतच नसे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. शब्द एक सांगत असतात तेव्हा चित्राने तेच पुन्हा सांगावयाचे नसते. 'मुलगा शहाण्यासारखा बसला होता' असे वाक्य असेल आणि चित्रात त्याच्या पाठीमागे फुटकी बरणी दडविलेली असेल, तर वाचता न येणारे पोर वाचणाऱ्या आजोबांच्या पुढे जाते. आजोबांना शब्द येतात, पण बरणी नातवाला दिसते. घरातल्या सर्वांत लहान माणसाला एखादी गोष्ट सर्वांत आधी कळणे, हा प्रसंग त्याच्या आयुष्यात दुसरीकडे कोठे येतो?

चित्र आणि शब्द यांचे हे लग्न तसे जुने आहे. कोमेनियस नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी चित्रांचे पुस्तक छापविले, त्यात दीडशे चित्रे होती आणि चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा देऊन समोर तिचे नाव लॅटिन आणि जर्मन भाषांत दिले होते. आपली अंकलिपी ही त्याच घराण्याची लांबची नात. तरी मराठीत चित्र इतकी वर्षे तोरणच का राहिले, याला केवळ आमच्यासारख्यांची अरसिकता हे कारण नाही. पैसा हेही आहे. जुन्या छपाईत प्रत्येक चित्राचा जस्ताचा ठोकळा, ज्याला आपण ब्लॉक म्हणत असू, तो करवून घ्यावा लागे, आणि त्याचा दर चौरस इंचावर असे. चित्र जेवढे मोठे तेवढा प्रकाशक दुःखी! रंगीत हवे तर चार रंगांचे चार ब्लॉक. मग प्रकाशक काय करी? टिकलीएवढे चित्र घेई, आणि एकदा केलेला ब्लॉक तीन पुस्तकांत वापरी. आपल्या नागपुरातून निघणारे 'मुलांचे मासिक' ज्यांच्या लहानपणी घरी येत असे, त्यांना त्या काळच्या मासिकांतली ती काळी, लहान चित्रे आठवत असतील. ऑफसेटची छपाई आली, चौरस इंचाचा जाच गेला, पण आमच्या मनातला चौरस इंच गेला नाही. आम्ही किंमत भागिले ओळी असा हिशेब करीतच राहिलो.

माधुरीबाईंचे 'वाचू आनंदे' या हिशेबाला चोख उत्तर आहे. मराठीतल्या चांगल्या लेखनाचे वेचे विषयवार निवडून, बालगट आणि कुमारगट असे चार भाग नंदिता वागळे यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केले. त्यात वेच्यांच्या शेजारी आपल्याकडची चित्रे मांडलेली आहेत. चित्र उताऱ्याच्या पोटात दडपलेले नाही; शेजारी पाटावर मानाने बसले आहे. कित्येक शिक्षकांना आम्ही ही पुस्तके दाखविली तेव्हा ते वेचे वाचू लागले आणि त्यांची मुले चित्रे पाहू लागली, आणि पंधरा मिनिटांनी दोघांनी जागा बदलल्या. 'लिहावे नेटके' हे त्यांचे भाषेचे पुस्तकही शिक्षकांनी अवश्य पाहावे, पण त्याविषयी बोलू लागलो तर अध्यक्षमहाराज घंटा वाजवितील.

आता मानमरातबाचे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला. 'बिग लिटल बुक' नावाचा एक पुरस्कार २०१६ पासून देण्यात येऊ लागला. त्यात एक मान लेखकाला आणि एक मान चित्रकाराला असतो. पहिल्याच वर्षी लेखकाचा मान माधुरीबाईंना मिळाला, आणि चित्रकाराचा अतनु राय यांना. योग्यच झाले. पण आमच्या मनात एक विचार येऊन गेला. पुस्तक हातात घेतले तर कोणते पान लेखिकेचे आणि कोणते चित्रकर्तीचे हे जेथे वेगळे काढता येत नाही, तेथेही आपल्याला दोन खुर्च्या मांडून एकीवरच बसावे लागते. परदेशातही हेच. मुलांच्या साहित्यासाठी अँडरसनच्या नावाचे आंतरराष्ट्रीय पदक १९५६ पासून लेखकाला मिळू लागले. चित्रकाराला ते मिळण्यास १९६६ उजाडले. अमेरिकेत बालसाहित्याच्या लेखकासाठी पदक १९२२ पासून होते, चित्रकारासाठी १९३८ पासून. सगळीकडे चित्रकार दुसऱ्या पंगतीला.

आमच्या वाचनालयाच्या दाखलनोंदवहीचीही तीच गत. दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, शेरा. चित्रकाराला रकानाच नाही. माधुरीबाई स्वतः लिहितात म्हणून त्यांचे नाव लेखकाच्या रकान्यातून तरी आत शिरते. जो नुसती चित्रे काढतो त्याचे नाव वाचनालयात कायमचे गैरहजर. गेल्या वर्षी नवी नोंदवही आली तेव्हा आम्ही ग्रंथपालांकडून पट्टी मागून घेतली आणि 'शेरा' या रकान्यातून चिंचोळी जागा काढून एक रेघ ओढली. वर लिहिले, 'चित्रकार'. जागा फार अरुंद आहे, अक्षर बारीक काढावे लागते.

येथे एक तक्रारही नोंदवितो, कारण नुसती स्तुती ऐकावयास नागपूरकर येत नाहीत. माधुरीबाईंच्या गोष्टींतली भाषा पुण्याची आहे. स्वच्छ, गोड, पण पुण्याची. आमच्याकडचे पोर ती वाचताना मधून मधून थबकते. त्यांच्या गोष्टींतले घरही बहुधा मध्यमवर्गीय. गडचिरोलीच्या मुलाला किंवा यशोधरानगरातल्या मुलाला त्या घराचा उंबरठा थोडा उंच वाटत असेल. पण आम्ही असेही पाहिले आहे की, शब्दाशी थबकलेले पोर चित्राशी थबकत नाही. आजी कोणत्याही बोलीत आजीच दिसते. रुसलेल्या मुलाच्या पाठीला ना पुणेरी हेल असतो ना वऱ्हाडी. वाचता येऊ लागण्याच्या आधीचा जो काळ असतो, त्यात प्रमाणभाषेचा जाच नसलेले एवढे एकच पुस्तक मुलाला मिळते.

मग आपल्या भागाची चित्रे कोठे आहेत? आहेत, आणि फार दूरही नाहीत. ज्या मध्यप्रांताची नागपूर ही राजधानी होती, त्याच प्रांतातला मंडला जिल्हा. तेथल्या बुरबासपूर गावच्या दुर्गाबाई व्याम या परधान गोंड चित्रकर्ती. लग्नकार्यात घराच्या भिंतींवर काढावयाचे 'डिगणा' हे त्यांचे पहिले शिक्षण. भज्जू श्याम आणि रामसिंग उर्वेती यांच्याबरोबर त्यांनी काढलेल्या झाडांच्या चित्रांचे एक पुस्तक २००६ साली चेन्नईच्या तारा प्रकाशनाने हाताने बनविलेल्या काळ्या कागदावर हातछपाईने काढले. इटलीतल्या बोलोन्या येथे २००८ मध्ये त्याचा गौरव झाला. पुढे दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी 'भीमायन' काढले, २०११ साली. बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी पाणी नाकारले गेले, ती हकीगत. चित्रकथेतली माणसे चौकोनात कोंडावयास त्या दोघांनी नकार दिला, म्हणून त्या पुस्तकात चौकटी नाहीत. सगळी पाने डिगण्याच्या वळणांनी वाहतात. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या शहरात १९५६ च्या १४ ऑक्टोबरला ती दीक्षा झाली, आणि जे शहर गोंड राजा बख्त बुलंदाने वसविले, त्या शहरातल्या किती घरांत हे पुस्तक आहे, असे आम्ही विचारीत नाही. आमच्या स्वतःच्या घरात ते तीन वर्षांपूर्वी आले.

माधुरीबाईंकडे परत येतो, आणि आवरतो. त्यांचे एक पुस्तक आहे, 'चित्रवाचन'. नावाप्रमाणेच त्यात वाचावयाची ती चित्रे. गोष्ट लिहिलेली नाही. मोठी मोठी चित्रे, त्यांत पुष्कळ माणसे, प्रत्येक जण आपल्या कामात. आमचा जुना शेरा येथे अगदी तंतोतंत लागू पडला असता. मजकूर अल्प! गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयात दुपारी मुलांसाठी एक तास ठेवला होता. बाहेर ऊन मरणाचे, म्हणून आलेली मुले जास्त, वाचनासाठी आलेली कमी. त्यांत घरकाम करणाऱ्या एका बाईंची सहा-सात वर्षांची मुलगी होती. आई वरच्या मजल्यावर फरशी पुसत असे आणि ही खाली येऊन कोपऱ्यात बसे. तिला अक्षरे फारशी येत नव्हती, म्हणून आम्ही तिच्यापुढे हे पुस्तक ठेवले. बाकीची मुले वाचीत होती, आणि ही पाऊण तास एकाच पानावर. आम्हांस वाटले, झोपली. जवळ जाऊन पाहिले तर एका बाईच्या चित्रावर बोट ठेवून बसली होती.

आम्ही विचारले, "काय पाहतेस?"

"ही वाट पाहून राहिली," ती म्हणाली.

"कोणाची?"

तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, एवढ्या मोठ्या माणसाला एवढेही कळू नये! "ते काय माहीत जी. पुढच्या पानावर असंल," असे म्हणून तिने पान उलटले आणि पहिल्या कोपऱ्यापासून एकेक माणूस शोधू लागली.